सरासरीत न दिसणारी मंदी

अर्थचक्राचा हिशेब : लेखांक ६

तेजी-मंदीच्या फेऱ्यांनी समाजाचं नेमकं किती नुकसान होतं? अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट लुकास यांनी १९८७ मध्ये याचा हिशेब मांडला. महायुद्धानंतरच्या अमेरिकेतले उपभोगाचे सगळे चढउतार पुसून टाकले, तरी होणारा फायदा एकूण उपभोगाच्या एक टक्क्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, असं उत्तर निघालं. पण हा हिशेब सरासरी माणसाचा होता. लातूरच्या मोंढ्यात सरासरी माणूस माल घेऊन येत नाही.

तुरीचंच पाहा. २०१५ मध्ये मराठवाड्यात दुष्काळ होता. तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली, तुरीचा भाव क्विंटलला १०,००० च्या पुढे गेला. पण शेतकऱ्याच्या घरात विकायला तूर कितीशी होती? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते याच दुष्काळामुळे. पुढे चांगला पाऊस झाला. चढे भाव पाहून सगळ्यांनीच तूर पेरली आणि देशाचं उत्पादन सुमारे २६ लाख टनांवरून जवळपास ४९ लाख टनांवर गेलं. त्याच वर्षी कडधान्यांची आयातही विक्रमी झाली. नोटाबंदीने मोंढ्यातली रोकड आटलेली होती. बोनससह हमीभाव ५,०५०, पण सौदे चार-साडेचार हजारांत होऊ लागले. सरकारी केंद्रांवर रांगा लागल्या, बारदाना संपला. २२ एप्रिल २०१७ ला खरेदी बंद झाली. तूर पडून राहिल्याने ती पुन्हा सुरू करावी लागली. निर्यातबंदी उठली सप्टेंबरमध्ये, तोवर बहुतेकांनी माल विकून टाकला होता.

आता एक हिशेब करू. समजा, दुष्काळात २ क्विंटल तूर १०,००० ने विकली आणि सुगीत १० क्विंटल ४,००० ने. दोन भावांची सरासरी ७,००० येते. हातात पडलेला दर मात्र ५,००० च. भाव होता तेव्हा माल नव्हता, माल आला तेव्हा भाव नव्हता.

खरं नुकसान याच्याही पुढचं आहे. जूनमध्ये बियाणं, खत आणि मुलांच्या शिकवणीची फी एकदमच अंगावर येते. तेव्हा बैल विकला, जमीन गहाण पडली, मुलीचं शिक्षण थांबलं, तर पुढच्या तेजीत यातलं काहीच आपोआप परत येत नाही. चक्र वर येतं. खाली असताना जो बाहेर फेकला गेला, तो त्याच्यासोबत वर येत नाही. सोयाबीननेही हेच केलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लातुरात १०,००० च्या आसपास गेलेलं सोयाबीन २०२४ च्या सुगीत ४,८९२ च्या हमीभावाखाली विकलं गेलं.

म्हणून मंदीवरचा इलाज वेळेवर झाला तरच तो इलाज. खरेदी केंद्र सुगीआधी उघडलं पाहिजे, आयात-निर्यातीचा निर्णय पेरणीआधी कळला पाहिजे. आणि थांबण्याची ताकद विक्रेत्याच्या हाती हवी. बाजार समित्यांच्या शेतमाल तारण योजनेत गोदामातल्या मालावर ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, तेही सहा टक्के व्याजाने. ती गावागावांत पोहोचवणं कोणत्याही कर्जमाफीइतकंच महत्त्वाचं आहे.

पुढच्या लेखात नांदेडचा हळद बाजार : नऊ महिन्यांचं पीक आणि रोज बदलणारा वायदा.