जुनी बॅटरी कुठे जाते?

शाळेच्या इन्व्हर्टरची बॅटरी काही वर्षांनी 'बसते'. दुकानदार नवी आणून जोडतो, जुनी उचलून नेतो आणि बिलातून चांगली रक्कम कमी करतो. मेलेल्या वस्तूला एवढा भाव का मिळतो, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही.

भाव असतो तो शिशाला. या बॅटरीचे निम्म्याहून अधिक वजन शिशाचे आणि त्याच्या संयुगांचे असते. फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये ती तयार केली आणि तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. धन पट्टीवर लेड डायऑक्साइड, ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसे आणि दोहोंमध्ये सौम्य सल्फ्युरिक आम्ल. बॅटरी वापरताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते. चार्ज करताना हीच क्रिया उलट होते. अशा अनेक फेऱ्यांनंतर सल्फेटचे स्फटिक कडक होतात, लेप गळून तळाशी बसतो, जाळी गंजते. बॅटरी निकामी होते, पण शिशाचा एकही अणू नाहीसा झालेला नसतो. म्हणूनच शिसे पुन्हापुन्हा वापरता येते.

चांगल्या कारखान्यात बॅटरी बंद यंत्रात फोडतात, आम्ल वेगळे काढतात आणि तुकडे पाण्यात सोडतात. पेटीचे पॉलिप्रॉपिलीन (घनता सुमारे ०.९) तरंगते, शिसे (घनता ११.३) तळाला जाते. वर्गात हे दाखवायला बॅटरीला हात लावण्याची मुळीच गरज नाही. बाटलीचे प्लास्टिकचे झाकण, लोखंडी खिळा आणि पाण्याचे भांडे पुरे.

जाळीचे शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, ते सोपे. खरी कसोटी लेपाची. त्यातले लेड सल्फेट तसेच भट्टीत घातले तर गंधकाचे विषारी वायू निघतात. म्हणून काही कारखाने आधी त्यावर धुण्याच्या सोड्याची प्रक्रिया करतात. लेड कार्बोनेट वेगळे होते आणि उरलेले सोडियम सल्फेट काचेच्या किंवा धुलाईच्या पावडरीच्या कारखान्याला विकता येते. मग सुमारे हजार अंशांच्या भट्टीत कार्बनच्या साहाय्याने शिसे मोकळे होते. धुरातली धूळ कापडी पिशव्यांच्या गाळणीत अडवतात; ती धूळही शिशाचीच असते.

आता गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये काय होते ते पाहू. बॅटरी कुऱ्हाडीने फोडतात, आम्ल जमिनीवर ओततात, उघड्या भट्टीत पट्ट्या वितळवतात. लेपातले बरेचसे शिसे मळीत राहते किंवा धुराबरोबर आसपासच्या मातीवर बसते. पण गाळणीचा, सांडपाणी शुद्ध करण्याचा, कराचा खर्च नाही. त्यामुळे हा माणूस जुन्या बॅटरीला जास्त भाव देऊ शकतो. नियम पाळणारा कारखाना खरेदीतच मागे पडतो. आम्हाला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत जास्त बोचते.

याची किंमत कोण देते? सेनेगलची राजधानी डाकारजवळच्या थियारॉय-सुर-मेर या वस्तीत नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात अठरा मुले दगावली. तिथे वर्षानुवर्षे बॅटऱ्या फोडल्या जात होत्या. माती चाळली की शिशाचे कण मिळतात आणि ते विकता येतात, हे लोकांना कळले होते. ती माती घरांपर्यंत पोचली, मुले तिच्यात खेळली. पोटात गेलेल्या शिशापैकी मुलांच्या शरीरात शोषला जाणारा भाग मोठ्यांच्या चार-पाच पट असू शकतो. ते कॅल्शियमसारखे हाडांत साठते आणि मेंदूच्या वाढीत अडथळा आणते. सुरक्षित म्हणता येईल असे रक्तातले कोणतेही प्रमाण आजवर आढळलेले नाही. युनिसेफ आणि 'प्युअर अर्थ' यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आहे. त्याचे कारण एकट्या बॅटऱ्या नाहीत, पण एक मोठे कारण त्या आहेत. वर्गात लक्ष न लागणाऱ्या मुलाचे घर कुठे आहे, हेही कधी विचारावे लागेल.

बॅटरी बनवणारे 'आमचे शिसे खाणीतले नाही, पुनर्वापरातले आहे' असे सांगतात, तेव्हा आणखी एक प्रश्न उरतो. शेडमधली लगडी पुन्हा शुद्ध केली की ती आणि कारखान्यातली लगडी यांत फरक ओळखता येत नाही. त्यामुळे ती कुठून आली याची कागदोपत्री नोंद हाच एक आधार. काँगोच्या कोबाल्टबाबत नेमकी हीच अडचण आहे: हाताने खणलेले, कधी मुलांनीही वेचलेले खनिज व्यापाऱ्याकडे मोठ्या खाणींच्या मालात मिसळले, की लिथियम बॅटरीपर्यंत त्याचा माग लावणे कठीण.

भारतात शिशाच्या बॅटऱ्यांसाठी २००१ मध्ये नियम आले. २०२२ च्या नव्या नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. पण सुरुवात बॅटरी उचलली जाते त्या दारापासूनच होते. शाळेची बॅटरी पुढच्या वेळी बदलाल तेव्हा जुनीची पावती मागा, आणि ती नोंदणीकृत कारखान्याकडे जाणार का, हे दुकानदाराला विद्यार्थ्यांनाच विचारू द्या. उत्तर काय मिळाले ते आम्हाला जरूर कळवा.