कांगड्याच्या कूहली : पाण्याचा हक्क आणि श्रमाचा वाटा

हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात, धौलाधार पर्वतरांगेच्या पायथ्याशी, पाऊस भरपूर पडतो. तरीही तेथील शेती केवळ पावसावर अवलंबून ठेवता येत नाही. भाताच्या लावणीसाठी चिखलणी मान्सून स्थिरावण्यापूर्वीच करावी लागते, तर रब्बी गव्हाला मुकुटमुळे फुटण्याच्या अवस्थेत, म्हणजे पेरणीनंतर साधारणतः २१ दिवसांनी, पाण्याची निकड असते. तीव्र उतारावरून पावसाचे पाणी वेगाने वाहून जाते. ही उणीव बर्फ व झऱ्यांवर पोसलेल्या ओढ्यांतून पाणी वळविणाऱ्या ‘कूहली’ भरून काढतात. असे शेकडो पारंपरिक पाट या खोऱ्यात आहेत.

रचना व व्यवस्थापन

न्यूगलसारख्या नदीच्या पात्रात दगड, झुडपे व माती यांचा तात्पुरता बांध घालून पाणी मुख्य पाटात घेतले जाते. पुढे ते केवळ उताराच्या बळावर उपपाटांतून पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत पोहोचते. वाटेत याच प्रवाहावर घराट, म्हणजे पाणचक्क्या, चालतात. पुरात बांध वाहून जाणे हे नित्याचेच असल्याने त्याची पुनर्बांधणी हा व्यवस्थेचाच भाग मानला जातो. ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपात अनेक कूहली उद्ध्वस्त झाल्या. त्यांची दुरुस्ती होऊन त्या पुन्हा वाहू लागल्या.

कूहलीची देखरेख ‘कोहली’ करतो. श्रमदानासाठी शेतकऱ्यांना बोलावणे, टंचाईत पाळ्या लावणे आणि तंटे मिटविणे ही त्याची कामे होत. त्याचा मोबदला लाभधारक परंपरेने धान्यरूपाने देत असत. महाराष्ट्रात पांझरेकाठच्या फड पद्धतीतील पाटकऱ्याशी त्याचे साम्य सहज लक्षात येते.

हक्काचे स्वरूप

येथे पाण्याचा हक्क जमिनीशी जोडलेला आहे. परंतु तो श्रमाने जिवंत राहतो. जो दुरुस्तीला येतो, त्याच्या पाळीला नैतिक आधार असतो. पाणी मुबलक असताना वाटप सैल असते. प्रवाह घटला की पाळी काटेकोर होते. एकाच ओढ्यावरील निरनिराळ्या कूहलींमधील संबंधही रूढीने ठरलेले आहेत. ब्रिटिशकालीन जमीन बंदोबस्तात या रूढी ‘रिवाज-ए-आबपाशी’ या दस्तऐवजात नोंदविल्या गेल्या.

दगड-झुडपांचा बांध पाझरणारा असतो. त्यातून निसटणारे पाणी खालच्या कूहलीला मिळते. त्याजागी पक्का काँक्रीट बांध घातल्यास वरच्या गावाची गळती थांबते, पण खालच्या गावाचा हिस्साही थांबू शकतो. अभियांत्रिकीदृष्ट्या केलेली सुधारणा अशा रीतीने हक्कांची फेरवाटणी ठरते.

आजचा पेच

खोऱ्यातील अनेक कुटुंबांचे मुख्य उत्पन्न आता नोकरीतून येते. श्रमदानाला माणसे मिळेनाशी झाली, की सर्वप्रथम झळ बसते ती शेपटाकडील शेतांना. तेथील शेतकरी पाणी मिळत नाही म्हणून कामाला येत नाहीत, आणि ते येत नाहीत म्हणून पाट आणखी दुबळा होतो. काही कूहलींनी औपचारिक समित्या स्थापून श्रमाऐवजी रोख वर्गणी स्वीकारली. काहींची जबाबदारी शासकीय विभागाकडे गेली. देखभाल शासनाकडे जाण्याने खर्चाचा भार हलका होतो, मात्र पाळी ठरविण्याचा स्थानिक अधिकार जपला नाही, तर तंटे सोडविणारा कोणीच उरत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

• अस्तरीकरण किंवा पक्का बांध प्रस्तावित करण्यापूर्वी खालच्या बाजूच्या सर्व लाभधारकांची यादी करून त्यांच्याशी चर्चा करावी.
• रूढ पाळ्या व हिस्से लेखी नोंदवून ग्रामसभेत वाचून दाखवावेत.
• समितीत शेपटाकडील शेतकऱ्यांना निश्चित स्थान द्यावे.
• भाजीपाल्यास थोडे पण वारंवार पाणी लागते. भात-गव्हासाठी बेतलेल्या पाळीत ते बसत नाही. म्हणून पाळीवर मिळालेले पाणी साठविण्यासाठी शेताशेजारी लहान टाकी उपयुक्त ठरते.
• रोख वर्गणी घेताना ती क्षेत्राच्या प्रमाणात असावी आणि पाणी न पोहोचल्यास तिच्यात सूट असावी.

डोंगराळ भागात पाट बांधणे हे काही महिन्यांचे काम असते. तो कोणासाठी, केव्हा आणि किती वाहावा याविषयीची सहमती मात्र पिढ्यांच्या व्यवहारातून घडते. सिंचन सुधारणेच्या अंदाजपत्रकात तिचीही दखल घेतली गेली पाहिजे.