सायकलस्वाराला वाहनाची धडक. उपचाराचा खर्च कोण देणार?

कोहिनूर : बसवकल्याण तालुक्यातल्या कोहिनूरचा सायकलस्वार समजा उमरग्याजवळ, महाराष्ट्रात, जखमी झाला, तर भरपाईसाठी तिकडच्याच कोर्टात खेटे घालावे लागतात, असा अनेकांचा समज आहे. तसे नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६ नुसार जखमी जिथे राहतो, तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो. म्हणजे दावा बीदर जिल्ह्यातच चालू शकतो.

सायकलचा विमा नसला तरी अडत नाही. धडक देणाऱ्या वाहनाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. गंभीर दुखापतीला कलम १६४ खाली, चूक कुणाची हे सिद्ध न करता, २.५ लाख रुपये मागता येतात. खर्च त्याहून मोठा असेल तर कलम १६६ चा रस्ता. तिथे मात्र चालकाची चूक दाखवावी लागते. वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर गंभीर जखमीला सरकारी योजनेतून ५० हजार मिळतात. २०२५ च्या कॅशलेस योजनेत नेमलेल्या दवाखान्यात अपघातापासून ७ दिवस, १.५ लाखापर्यंत उपचार होतात.

म्हणून जागेवरच चार-पाच हजार घेऊन मिटवू नका. गाडीचा नंबर टिपा, ११२ ला फोन करा, एफआयआरची प्रत आणि दवाखान्याची बिले जपून ठेवा. अर्ज ६ महिन्यांच्या आत करा.