पिस्तूल स्पर्धेत नुसतं धावून भागत नाही. सुटणं अन् थांबणं जमलं पाहिजे

चंद्रपूर : पोलीस भरती जवळ आली की आपल्याकडे पहाटेपासून डांबरी रस्त्यावर पोरं-पोरी धावताना दिसतात. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर अन् दोघांनाही १०० मीटर. तिथं हिशेब सरळ आहे, जो जोरात धावला त्याला गुण जास्त. पण नेमबाजीचा एक प्रकार असा आहे, की त्यात धावावंही लागते आणि तरी सगळ्यात वेगानं धावणारा मागे पडू शकतो. या खेळातलं पावलांचं तंत्र खो-खो, कबड्डी खेळणाऱ्या आपल्या पोरांच्याही कामाचं आहे.

हा खेळ आहे तरी काय?

याला प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना आयपीएससी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया शहरात स्थापन झाली. एका जागी उभं राहून नेम धरायचा, असं यात नसते. आडोशाच्या एका बाजूनं काही लक्ष्यं दिसतात, काही पुढच्या खिडकीतून, तर काही आणखी पुढं गेल्यावर. खेळाडू पिस्तूल घेऊन एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जातो आणि घड्याळ चालूच असते.

शेवटी मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. समजा, १०० गुण २० सेकंदांत मिळाले, तर उत्तर ५. तेच १८ सेकंदांत केले तर साडेपाचच्या वर. पण घाईत एक गोळी पूर्ण चुकली तर तिचे ५ गुण जातात, वरून १० वजा होतात. उरले ८५. त्यांना १८ नं भागलं तर पावणेपाचच्याही खाली. म्हणजे दोन सेकंद वाचवूनही तोटाच! म्हणून वेळ वाचवायचा तो गोळी झाडताना नाही, तर दोन जागांच्या मधे.

वेळ जातो कुठं?

दोन जागांमधलं अंतर बहुतेक वेळा चार-पाच पावलांचंच असते. तेवढ्यात कोणी कितीही जोरात धावला तरी फरक थोडाच पडतो. खरा वेळ जातो जागा सोडताना आणि नवीन जागेवर थांबताना.

सुटताना : नवखा खेळाडू शेवटची गोळी झाडतो, पिस्तूल खाली घेतो, सरळ उभा होतो, मग इकडंतिकडं पाहतो अन् नंतर पाय उचलतो. सराव असलेला खेळाडू कुठं जायचं ते आधीच ठरवून ठेवतो. त्याचे गुडघे वाकलेलेच असतात. शेवटची गोळी सुटली की तो मागच्या पायानं जमीन रेटून निघतो. मधे सरळ उभं राहणं नाहीच.

वाटेत : अंतर कमी असेल तर पिस्तूल दोन्ही हातांत, छातीजवळ. लांब पल्ला असेल तर एका हातात, म्हणजे दुसरा हात धावण्यासाठी मोकळा. मॅगझीन बदलायचं असेल तर पहिल्या दोन-तीन पावलांतच. चालताना-धावताना बोट ट्रिगरच्या कड्याबाहेर आणि नळीचं तोंड लक्ष्यांच्या दिशेलाच हवं. हा नियम मोडला तर खेळाडू स्पर्धेतून बाद होतो.

थांबताना : शेवटची पावलं छोटी, गुडघे वाकलेले. पाय थांबायच्या आधीच पिस्तूल डोळ्यांसमोर आलेलं असावं. पाय थांबले, मग हात उचलला, मग नेम शोधला, असं केलं की प्रत्येक जागेवर वेळ जातो.

आपल्या खो-खोत हेच आहे

खो मिळाला की चौकोनात बसलेला गडी आधी सरळ उभा राहून मग धावतो का? नाही. तो वाकलेल्या अंगानंच सुटतो. खांबाजवळ पोहोचताना पावलं छोटी करतो आणि वळतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी जिंकला. दोघांचे कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे महाराष्ट्राचेच. म्हणजे सुटण्या-थांबण्याचं हे शिक्षण आपल्या मातीत आधीपासून आहे.

कोल्हापूरच्या दोघांकडून काय घ्यावं?

ऑलिम्पिक आणि आशियाई स्पर्धांतल्या नेमबाजीत धावणं नसते, पण नवीन स्थितीत पटकन स्थिर होणं तिथंही लागते. राही सरनोबत हिनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं. या प्रकाराच्या जलद टप्प्यात हात खाली असतो. इशारा झाला की ३ सेकंदांत हात वर, नेम आणि गोळी.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकला. यात आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं झोपून, शेवटी उभं राहून नेम धरतात. दर वेळी रायफलची आणि अंगाची मांडणी नव्यानं करावी लागते. अंतिम फेरीत पहिल्या स्थितीनंतर तो सहावा होता, दुसरीनंतर पाचवा आणि शेवटी ४५१.४ गुणांसह तिसरा.

पिस्तुलाशिवाय सराव

मैदानात पाच मीटरवर दोन दगड ठेवा. एकाजवळ गुडघे वाकवून उभे राहा. मित्रानं टाळी वाजवली की सुटा, दुसऱ्याजवळ थांबा आणि हात समोर स्थिर धरा. मित्राला मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ काढायला सांगा. त्यात दोनच गोष्टी पाहा : टाळीनंतर पाय किती वेळानं उचलला आणि पोहोचल्यावर हात किती वेळानं स्थिर झाला. पहिल्याच व्हिडिओत चूक दिसेल.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. हा सराव रिकाम्या हातानंच करायचा. आपला भाग जंगलाचा, बंदोबस्ताचा आहे. खेळण्यातलं पिस्तूल घेऊन रस्त्यानं, रानानं पळणारा पोरगा दुरून कोणाला काय वाटेल, सांगता येत नाही. खरं पिस्तूल विनापरवाना बाळगणं तर १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हाच आहे, अन् एकदा गुन्हा दाखल झाला की भरतीचं स्वप्नही अडचणीत येते. नेमबाजीच शिकायची असेल तर एनसीसी किंवा शालेय क्रीडा स्पर्धेच्या वाटेनं, प्रशिक्षकाच्या देखरेखीत एअर रायफल किंवा एअर पिस्तूलपासून सुरुवात करा. पावलांचा सराव तोवर गावच्या मैदानावर होऊ शकतो, त्याला खर्च काहीच नाही.