महाडचा श्रीवीरेश्वर : आख्यायिका आणि इतिहास

पोलादपूरवरून वाहत येणाऱ्या सावित्रीस महाड येथे गांधारी मिळते. या प्राचीन बाजारपेठेचे ग्रामदैवत श्रीवीरेश्वर होय. महाशिवरात्रीनंतरच्या छबिन्यास पंचक्रोशीतील देवतांच्या पालख्या येथे येतात. विन्हेऱ्याची झोलाई भावाच्या भेटीस येते, अशी लोकश्रद्धा आहे.

सावित्रीची कथाही रम्य आहे. ब्रह्मदेवाच्या यज्ञास सावित्री वेळेवर न आल्याने तिच्या स्थानी गायत्रीस बसविण्यात आले. क्रुद्ध सावित्रीने देवांना जलरूप होण्याचा शाप दिला. विष्णू कृष्णा, शिव वेण्णा व ब्रह्मा कोयना झाले. शापापासून सावित्री व गायत्रीही सुटल्या नाहीत. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात या पाच नद्यांचे स्मरण केले जाते.

आख्यायिकेइतकाच इतिहासही सांगितला पाहिजे. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी तेथील पाणी प्राशन केले. त्यानंतर ‘हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार’ अशी खोटी अफवा गावात पसरली आणि परिषदेस आलेल्यांवर हल्ले झाले. पुढे सनातन्यांनी गोमय, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून त्याची ‘शुद्धी’ केली. न्यायालयीन वाद १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सत्याग्रहींच्या बाजूने संपला.

आम्हा वैद्यांस हा प्रसंग विशेष विचारात घ्यावा लागतो. ज्या गव्य द्रव्यांपासून चरकाचार्यांनी अपस्मारासाठी पंचगव्य घृत सांगितले, तीच द्रव्ये येथे मनुष्याच्या स्पर्शाचा विटाळ घालविण्यासाठी वापरली गेली. आमच्या शास्त्रात जलदुष्टीची लक्षणे गंध, वर्ण, रस व स्पर्श यांच्या विकृतीवरून ठरतात. पाणी पिणाऱ्याच्या जातीवरून नव्हे. वायू, जल, देश व काल यांच्या वैगुण्याचे मूळ अधर्म आणि त्याचेही मूळ प्रज्ञापराध, असे जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात म्हटले आहे. त्या दृष्टीने पाहता महाडात दुष्टी पाण्याची नव्हती, प्रज्ञेची होती.

वीरेश्वराच्या दर्शनास जाणाऱ्या व्यवसायबंधूंनी चवदार तळ्यावरही अवश्य जावे. औषधीचे सामर्थ्य तिच्या योजनेवर अवलंबून असते, हे रोज रुग्णास सांगणाऱ्या आम्हांस तेथे तेच सूत्र नव्याने उमगते.