बंगळुरातील बालपणीचे घर

वाचकहो, बालपणीचे घर पुन्हा पाहावे अशी ओढ कोणास नसते? बंगळुरास जाल तेव्हा चिकपेटेच्या गजबजाटात क्षणभर थांबा. १६३८ साली विजापूरकरांनी केंपेगौडांकडून हे नगर जिंकले व ते शहाजीराजांकडे जहागिरीत आले. १६४० च्या सुमारास बाल शिवाजी मातोश्री जिजाबाईंसह येथे पित्याच्या सहवासात काही काळ राहिले. तो वाडा आज उभा नाही.

पुढे १६७७ साली दक्षिणेच्या मोहिमेत बंगळूर शिवाजीमहाराजांच्या हाती आले. सावत्र बंधू व्यंकोजीराजांशी वितुष्ट लढाईपर्यंत गेले होते. तरीही तह करताना महाराजांनी बंगळूरचा मुलूख भावजय दीपाबाईंस चोळी-बांगडीसाठी दिला. वडिलार्जित घरासाठी भावाभावांत तंटे होतात, हे आपण नित्य पाहतो; येथे हाती आलेले घर भावजयीच्या ओटीत घातले गेले.

१६८७ साली मोगलांनी बंगळूर घेतले आणि ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे गेले. शहाजीराजांची समाधी मात्र चन्नगिरीजवळ होदिगेरे येथे आहे. बंगळूरच्या प्रवासास निघाल तेव्हा मुलांना तेथेही अवश्य न्या. घराच्या भिंती पडतात. घरातील माणसांनी एकमेकांना काय दिले, तेवढेच मागे उरते.