विकत घेतलं, म्हणून विकता येतं का?

सेमिस्टर संपलं की हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये बाजार भरतो. ड्रॉइंग बोर्ड, मिनीड्राफ्टर, एम-थ्रीचं पुस्तक, सगळं अर्ध्या किमतीत ज्युनिअर्सच्या गळ्यात! त्यात गैर काहीच नाही. पण हाच न्याय ई-बुक, पीडीएफ नोट्स किंवा व्हिडिओ कोर्सला लावता येतो का? आमच्या विंगमधल्या एकाने ‘पाचशे ई-बुक, विक्रीच्या हक्कांसह’ अशी जाहिरात पाहिली आणि त्यातून मेसचं बिल निघेल असा हिशोब मांडला. पैसे भरण्याआधी त्याने मला विचारलं, म्हणून मी थोडा अभ्यास केला. तो इथे मांडतो.

छापील पुस्तकाचं गणित

१९०८ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात एक खटला गाजला. बॉब्ज-मेरिल या प्रकाशकाने एका कादंबरीत छापलं होतं की ही एक डॉलरपेक्षा कमी किमतीत विकू नये. मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. कोर्टाने दुकानाची बाजू घेतली. एकदा प्रत विकली की त्या प्रतीच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा कॉपीराइट चालत नाही, हे तत्त्व त्यातून पक्कं झालं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही कलम १४ मध्ये नव्या प्रती लोकांपर्यंत आणण्याचा हक्क मालकाला दिला आहे, पण आधीच चलनात असलेल्या प्रती त्यातून वगळल्या आहेत. म्हणून तर जुन्या पुस्तकांची दुकानं चालतात. मात्र इथे विकली जाते ती एक प्रत. तिची झेरॉक्स काढून विकणं ही पूर्ण वेगळी गोष्ट झाली.

फाईलचं काय?

पुस्तक दिलं की ते माझ्याकडे उरत नाही. फाईल ‘दिली’ म्हणजे खरं तर समोरच्याच्या मशीनवर नवी कॉपी तयार झाली. गोम इथेच आहे. अमेरिकेत रेडिजी नावाच्या कंपनीने जुनी डिजिटल गाणी विकायची सोय काढली होती. विकणाऱ्याच्या मशीनवरून फाईल पुसली जाते, असं तिचं म्हणणं होतं. तरीही २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने सांगितलं की यात नवी प्रत तयार होते, म्हणून हे चालणार नाही. युरोपच्या कोर्टाने २०१२ मध्ये कायमच्या लायसन्सवर घेतलेलं सॉफ्टवेअर पुढे विकायला परवानगी दिली, अट एवढीच की स्वतःकडची कॉपी निकामी करायची. पण २०१९ मध्ये त्याच कोर्टाने ई-बुकच्या बाबतीत नकार दिला.

थोडक्यात, ‘बाय’चं बटण दाबलं तरी बहुतेक वेळा हातात येतं ते लायसन्स, म्हणजे वापरायची परवानगी. ती किती, हे त्या लायसन्सच्या मजकुरावर ठरतं.

हक्कांची उतरंड

अशा जाहिरातींत साधारण चार प्रकार दिसतात.

१. वैयक्तिक वापर : स्वतः वाचा, विकू नका. काहीच लिहिलेलं नसेल तर हेच धरून चालावं.

२. रिसेल राइट्स : वस्तू विकता येते, पण तुमच्या गिऱ्हाइकाला ती पुढे विकता येत नाही. मजकूर बदलायला सहसा मनाई असते. कमीत कमी किंमत ठरवून दिलेली असू शकते.

३. मास्टर रिसेल राइट्स : वस्तूबरोबर विकण्याचा हक्कही गिऱ्हाइकाला विकता येतो.

४. प्रायव्हेट लेबल राइट्स, म्हणजे पीएलआर : पीएल म्हटलं की आपल्याला प्रिपरेशन लीव्ह आठवते, पण हे प्रकरण वेगळं! इथे मजकूर बदलून स्वतःच्या नावाने विकता येतो. मात्र तोच मजकूर आणखी शेकडो जणांनी घेतलेला असू शकतो. तो सेमिनार रिपोर्ट म्हणून देऊ नका. लायसन्स असलं तरी गाईडच्या लेखी ती नक्कलच.

ही नावं आपल्या कायद्यात कुठेही नाहीत, ती बाजाराने पाडलेली आहेत. त्यामुळे नावावर जाऊ नका, अटी वाचा.

पैसे देण्याआधी

पहिला प्रश्न, मूळ लेखक कोण आणि त्याने हक्क दिलेत का? ज्याच्याकडे हक्कच नाही तो दुसऱ्याला काय देणार? साखळीत एक जण खोटा निघाला की पुढचे सगळे कागद रद्दी. दुसरा प्रश्न, हक्क लेखी आहेत का? कलम ३० प्रमाणे लायसन्स लेखी लागतं. तिसरा प्रश्न, किती काळ आणि कुठे? कलम १९ प्रमाणे हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरला जातो. कलम ३०-अ मुळे हे नियम आवश्यक फेरफारांसह लायसन्सलाही लागू होतात.

आमच्या गड्याने हे प्रश्न त्या विक्रेत्याला लिहून पाठवले. उत्तर आलं नाही आणि त्याचे पैसे वाचले. हसण्यावारी नेऊ नका. जाणूनबुजून कॉपीराइट मोडल्यास कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी केलं नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं, पण आपण तर विकायलाच निघालेलो असतो!

फुकट म्हणजे मोकळं नव्हे

एमआयटी ओपनकोर्सवेअरचं साहित्य फुकट मिळतं, पण त्याच्या लायसन्समध्ये व्यापारी वापराला मनाई आहे. उलट विकिपीडियाचा मजकूर विकताही येतो, फक्त श्रेय द्यायचं आणि तेच लायसन्स पुढे ठेवायचं. जीपीएलखालचं सॉफ्टवेअरही पैसे घेऊन देता येतं, पण सोर्स कोड आणि पुढे वाटण्याची मोकळीक गिऱ्हाइकाला द्यावीच लागते.

आता सगळ्यात जवळचा मुद्दा. सरांच्या नोट्स स्कॅन केल्या म्हणून त्या आपल्या होत नाहीत. त्या सरांच्या किंवा नोकरीचा भाग म्हणून लिहिल्या असतील तर संस्थेच्या असू शकतात. सूत्रं मात्र कुणाच्याच मालकीची नाहीत. ती समजून घेऊन स्वतःच्या शब्दांत मांडणी केलीत, स्वतः गणितं रचून सोडवलीत, तर त्या लिखाणाचा कॉपीराइट लिहिल्या क्षणी तुमचाच. नोंदणीचीही सक्ती नाही. मग लायसन्स तुम्ही लिहा आणि किंमतही तुम्हीच ठरवा. दुसऱ्याच्या पाचशे पुस्तकांपेक्षा स्वतःची पन्नास पानं केव्हाही बरी, नाही का?